समाधान : एका शब्दाचे दोन संसार

मराठीत ‘समाधान’ ही मनाची अवस्था आहे. हिंदीत ती अडचणीवरील तोड आहे. एकाच संस्कृत शब्दाने दोन शेजारभाषांत असे दोन वेगळे संसार थाटावेत, यात भाषेच्या अभ्यासकाला नवल वाटण्याजोगे काही नाही. परंतु जेथे या दोन भाषा एकाच घराच्या ओसरीवर आणि माजघरात नांदतात, तेथे हा भेद कोशापुरता राहत नाही. रायपूर हा असा प्रदेश आहे. १८५४ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे मध्य प्रांतात गेल्यावरही १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरहूनच चाले. रामदासांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच मातीत वावरले. आज शहरालगतच्या उरला औद्योगिक क्षेत्रातील रोलिंग मिलांभोवती छत्तीसगढी, हिंदी, भोजपुरी, ओडिया यांच्या गलबल्यात मराठीही कानी पडते. २०२५ च्या उन्हाळ्यात राज्य शासनाच्या ‘सुशासन तिहार’ या उपक्रमात ठिकठिकाणी ‘समाधान शिविर’ भरविण्यात आले. घरात मराठी बोलणाऱ्या एखाद्या बाईस फलक वाचून तेथे चित्तशांतीचा काही पाठ मिळत असावा असे वाटले असते, तर दोष तिचा नव्हता. तेथे तक्रारअर्जांचा निकाल सांगितला जात होता.

हा शब्दविनोद येथेच सोडून देता आला असता. पण गेल्या काही दशकांत ‘जीवनसमाधान’ ही समाजशास्त्रात मोजण्याची वस्तू झाली आहे, आणि तिच्या मापनातून स्त्रियांच्या स्थितीविषयी निष्कर्ष काढले जात आहेत. हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी पुढे ठेवून ‘तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात’ असे विचारण्याची रीत रूढ केली. १९८५ मध्ये एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच विधानांची मापनपट्टी तयार केली. प्रत्येक विधानास एक ते सातपैकी एक आकडा द्यावयाचा. ही साधने भाषांतरित होऊन जगभर गेली. भाषांतर झाले म्हणजे प्रश्न तोच राहिला, असे त्यांमागील गृहीत आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी हे गृहीत कधी फारसे तपासलेले नाही. आकडे हे आपले क्षेत्र नव्हे, अशी एक सोयीस्कर नम्रता वाङ्मयविभागांत मुरलेली आहे.

तुर्कस्तानचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील शासकीय सांख्यिकी संस्था २००३ पासून जीवनसमाधानाची पाहणी करीत आली आहे, आणि स्वतःस सुखी म्हणविणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक असल्याचे या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्याच देशाच्या नावाजलेल्या शहरात २०११ साली स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा युरोपीय करार झाला, आणि तोच देश २०२१ मध्ये त्या करारातून बाहेर पडला. स्त्री-पुरुष विषमतेच्या २०२४ सालच्या जागतिक क्रमवारीत १४६ देशांत तुर्कस्तान १२७ वा आणि भारत १२९ वा होता. म्हणजे तुर्की स्त्रियांविषयी जो प्रश्न उपस्थित होतो तो आपल्यापासून दोनच पायऱ्यांवर उभा आहे. विषमता एवढी, तरी स्त्रिया अधिक सुखी, हे कसे? या कोड्याची दोन उत्तरे सहसा दिली जातात. विषमतेचा बोभाटा अवास्तव आहे, हे पहिले. स्त्रिया भुललेल्या आहेत, त्यांना आपले दुःख कळत नाही, हे दुसरे. पहिल्यात निर्लज्जपणा आहे, दुसऱ्यात उद्धटपणा. दोहोंतही उत्तराकडे मनाचा अहवाल म्हणून पाहिले जाते. ते कोणत्या शब्दाला दिलेले उत्तर आहे आणि कोणासमोर दिलेले आहे, हे पाहिले जात नाही.

तुर्की पाहणीच्या नावातील शब्द ‘मेम्नूनियत’ हा आहे. त्याचे मूळ अरबी रूप उर्दूत ‘ममनून’ म्हणून नांदते, आणि तेथे त्याचा अर्थ ‘उपकृत’, ‘ऋणी’ असा आहे. व्युत्पत्ती म्हणजे वर्तमान अर्थ नव्हे, हे खरे. आजच्या तुर्की बोलीत तो शब्द साध्या संतुष्टीचाच वाचक आहे. तरीही ‘जीवनावर प्रसन्न आहात काय’ या प्रश्नाच्या तळाशी ‘जे मिळाले त्याबद्दल ऋणी आहात काय’ असा दुसरा प्रश्न दबून असावा, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे. मराठीतही तळाशी असेच काही आहे. वेदान्तात शमदमादी साधनषट्काचे सहावे अंग ‘समाधान’ आहे. दासबोधात हा शब्द पावलोपावली भेटतो. ‘शंकासमाधान’ या जोडशब्दात शास्त्रार्थातला दुसरा अर्थ मराठीनेही जपला आहे, पण त्याचा वावर सभेपुरता. घरात चालतो तो पहिला. मोक्षमार्गावरील साधकाने अभ्यासाने मिळवावयाची ही अवस्था मराठी गृहस्थाश्रमात स्त्रीचा अंगभूत अलंकार केव्हा झाली, हा खरा संशोधनाचा विषय आहे. पुरुष ‘समाधानी’ म्हटला की त्यात किंचित निष्क्रियतेची छटा येते. सून ‘समाधानी’ म्हटली की ते प्रशस्तिपत्र होते. अशा भाषेत स्त्रीस ‘तुम्ही समाधानी आहात काय’ असे विचारणे म्हणजे ‘तुम्ही चांगल्या घरच्या आहात काय’ असे विचारण्यासारखेच आहे. तिने ‘नाही’ म्हणावे ही अपेक्षा कोणी करावी?

डीनर यांच्या पट्टीतील पाचवे विधान तर मराठी श्रोत्यास चमकवून जाईल. आयुष्य पुन्हा जगावयास मिळाले तर त्यात जवळजवळ काहीच बदलणार नाही, अशा आशयाचे ते आहे. अमेरिकेतील विद्यापीठात ते कल्पनेचा निरुपद्रवी खेळ ठरते. वडाला सूत गुंडाळून सात जन्म हाच पती मागणाऱ्या बाईपुढे तेच विधान ठेवले म्हणजे तो खेळ राहत नाही. ती व्रताची उजळणी होते. भाद्रपद शुद्ध तृतीयेस महाराष्ट्रात हरतालिका आणि छत्तीसगडात तीजा एकाच दिवशी येतात, आणि दोहोंत उपास पतीसाठीच. पण छत्तीसगडी रीतीत विवाहित लेकीस त्या दिवसांसाठी माहेरी नेले जाते. उपास एकच, पण तो कोणाच्या घरी बसून करावयाचा, यातील अंतर थोडे नाही. तीजाला माहेरी आलेल्या बाईस विचारलेला प्रश्न आणि सासरी सासूसमोर विचारलेला प्रश्न हे शब्दशः एक असले तरी दोन वेगळे प्रश्न आहेत.

येथे अमर्त्य सेन यांनी प्रसिद्धीस आणलेल्या एका जुन्या पाहणीचे स्मरण करणे अगत्याचे आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात विधुरांस व विधवांस प्रकृतिमान विचारण्यात आले. आपण आजारी आहोत वा प्रकृती यथातथाच आहे, असे ४८.५ टक्के विधुरांनी सांगितले. विधवांपैकी फक्त २.५ टक्क्यांनी. ‘यथातथा’ या एका सदरात विधुर ४५.६ टक्के होते, विधवा एकही नव्हती. बंगालातील विधवेचे त्या काळचे आयुष्य ज्याला ठाऊक आहे त्याला हे आकडे वाचून हसावे की रडावे कळणार नाही. अभाव दीर्घकाळ सोसला की अपेक्षाच आक्रसते, असा निष्कर्ष सेन यांनी काढला. तो मोलाचा आहे. तथापि तो अर्धाच आहे. अपेक्षा आक्रसते हे खरे, पण बोलणेही आक्रसते. जी अपेक्षा मनात शाबूत आहे ती उच्चारण्याची जागा नसते. आक्रसलेली अपेक्षा आणि आवरलेला उच्चार यांचा भेद आकड्यांतून कळणे अशक्य आहे. वाङ्मयातून तो कळतो, आणि मराठी स्त्रियांच्या लेखनात त्याचा पुरावा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ साचलेला आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्यावीत. या ग्रंथाच्या प्रसन्नतेचे, विनोदाचे, निर्मळ मनाचे कौतुक मराठी समीक्षेने इतके केले आहे की त्यातील घटनाक्रम वाचकाच्या दृष्टीआड होऊ लागतो. सोवळ्याच्या वेडाने सारे घर वेठीस धरणारे वडील. अकराव्या वर्षी लग्न. कवी, उदार आणि क्षणात भडकणारा पती. मग १८९५ साली त्याने बायकोस न विचारता केलेले धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट. लक्ष्मीबाईंपुढे सात आकड्यांची पट्टी ठेवली असती तर त्यांनी बहुधा वरचाच आकडा सांगितला असता, आणि तो खोटाही नसता. पण पुस्तकात हसू आणि हकिगत या दोन गोष्टी शेजारी शेजारी चालतात. हसू हकिगतीस पुसून टाकीत नाही. कोणत्या प्रसंगी कोण कसे वागले हे त्या विसरत नाहीत, मवाळही करीत नाहीत. समाधानाचा सूर आणि अन्यायाची नोंद एकाच वाक्यात बाळगण्याची ही शक्ती म्हणजे भोळेपणा असे ज्यांनी मानले, त्यांनी ग्रंथ अर्धाच वाचला.

याच्या उलट टोकास ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या या स्त्रीने १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उघड असमाधान मांडले; सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल झालेली शिक्षा हे त्याचे निमित्त. ते पुस्तक जवळजवळ शतकभर अंधारात राहिले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा मराठी वाचकास त्याचे अस्तित्व कळले. असमाधान बोलणाऱ्या स्त्रीचे काय होते, याचे उत्तर मराठी ग्रंथव्यवहारानेच देऊन ठेवले आहे.

सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण मात्र बेबी कांबळे यांचे. ‘जिणं आमुचं’ प्रथम ‘स्त्री’ मासिकातून आणि मग १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. हे लेखन त्यांनी अनेक वर्षे पतीपासून लपवून ठेवले होते. पुस्तकात महार स्त्रियांच्या छळाचे वर्णन इतके थेट आहे की वाचवत नाही. स्वतःच्या संसारातील माराविषयी मात्र त्यात मौन आहे. २००८ साली माया पंडित यांचा इंग्रजी अनुवाद निघाला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत, दुसऱ्या एका बाईने, विश्वासाने, नेमके विचारल्यावर ते मौन सुटले. पुस्तक समाजाचे होते, त्यात आपले एकटीचे दुःख मांडावयाचे नव्हते, असा त्यांचा भाव तेथे दिसतो. म्हणजे अपेक्षा आक्रसलेली नव्हती, दुःखही अज्ञात नव्हते. फक्त कोणी तसे विचारले नव्हते.

छत्तीसगडच्या श्रमिक स्त्रियांकडे या प्रकाशात पाहिले पाहिजे. रायपूरच्या बांधकामांवर वा कारखान्यांच्या आवारात रोजंदारीवर राबणाऱ्या बाईस ‘रेजा’ म्हणतात. हा शब्द विदर्भातही चालतो. जीवनाबद्दल समाधानी आहे काय, असे विचारल्यास ती ‘चलत हे’ असे काहीतरी म्हणून पुढचे घमेले उचलील. पण याच प्रदेशात असा प्रश्न वेगळ्या रूपात विचारला गेला होता. १९७७ मध्ये दल्ली राजहराच्या लोहखाणींतील कंत्राटी मजुरांनी शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली लढा दिला, त्यात पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी बांबू-बल्ल्यांचा भत्ता हवा, ही एक मागणी होती. जूनमधील गोळीबारात अकरा जण मारले गेले; त्यांत अनुसूयाबाई ही खाणमजूर स्त्री होती. पुढे खाणींच्या यांत्रिकीकरणाने प्रथम स्त्रियांचेच काम जाणार, हे त्या मजूर स्त्रियांनी ओळखले. दारूबंदीच्या मोहिमेतही पुढाकार त्यांचा होता. १९९० नंतर ही चळवळ भिलाई आणि उरल्याच्या खासगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांपर्यंत पोहोचली, आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींचा खून झाला. या स्त्रियांच्या संघर्षाचा अभ्यास करणाऱ्या इलिना सेन पुढे वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात शिकवीत, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी अधिक आस्थेने लक्षात घ्यावयास हवी होती. गळके छप्पर, जाऊ घातलेले काम, नवऱ्याची दारू : असमाधान असे नावानिशी सांगता येते, पण ते हिंदी अर्थाने समाधान मागितले जाते तेव्हाच. मराठी अर्थाने विचारले की ते घरात जाऊन दार लावून घेते.

आजचे राज्यकर्ते याबाबत अधिक चतुर आहेत. मार्च २०२४ पासून छत्तीसगडात ‘महतारी वंदन’ योजनेखाली विवाहित स्त्रीस दरमहा हजार रुपये मिळू लागले. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेखाली पंधराशे. हे पैसे गरीब बाईच्या हाती येणे चांगलेच आहे. त्यास नाक मुरडणाऱ्यांनी आधी महिन्याचा किराणा हजारांत भरून पाहावा. प्रश्न नावांचा आहे. एका राज्यात ती आई, दुसऱ्यात बहीण. मजूर कोठेच नाही. आई आणि बहीण ओवाळतात, आशीर्वाद देतात, तक्रार करीत नाहीत. अशा संबोधनाखाली उभ्या असलेल्या स्त्रीस पुढील पाहणीत समाधानाचा आकडा विचारला तर ‘ममनून’ हाच अर्थ मराठीत आणि छत्तीसगढीत मागच्या दाराने येईल, तुर्की न शिकताच.

भाषाविभागांनी या प्रश्नपत्रिका संहिता म्हणून वाचावयास हव्यात. नागपूर, वर्धा, रायपूर येथील अभ्यासकांना दोन्ही अर्थ मातृभाषेसारखे अवगत आहेत. ‘संतुष्ट’, ‘समाधानी’, ‘सुखी’, ‘खुश’ यांपैकी कोणता शब्द कोणत्या बाईच्या तोंडी कोणासमोर येतो, हे सांख्यिकीच्या पंडितास ते सांगू शकतात. ओवी जात्यावर, पुरुष नसताना, पहाटे म्हटली जाई. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गोळा केलेल्या लाखावर ओव्यांत सासरचे जे सांगितले आहे ते दिवसा, अंगणात, अनोळखी माणसास सांगितले गेले नसते. पाहणी करणारा नेमका दिवसा, अंगणात येतो. बहुधा घरातील पुरुष जवळ उभा असतो. आकडा सांगण्यापूर्वी बाई क्षणभर थांबते आणि काहीतरी बोलते, त्या बोलण्यासाठी कागदावर रकाना नसतो. तो ठेवावा, त्या वेळी जवळ कोण होते तेही लिहावे, आणि बोलणे मराठीत, हिंदीत वा छत्तीसगढीत ज्या रूपात आले त्याच रूपात उतरवून घ्यावे.