आधी चाक हलवून बघा!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे माझं मराठी जरा डळमळतं. काकांच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचं स्टिअरिंगही तसंच! खड्डा लागला की थडथडायचं आणि गाडी अगदी हळू केल्याशिवाय थांबायचं नाही. गॅरेजवाल्याने व्हील बॅलन्सिंग केलं, नवा डँपर बसवला. पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

सुट्टीत काका म्हणाले, "इंजिनिअर ना तू? सांग मग." मी गप्प!

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारलं, "कधी थडथडते?" ठराविक वेगालाच असेल तर बॅलन्सिंग, टायर किंवा रिम बघायची. ब्रेक मारल्यावरच असेल तर ड्रम. खड्ड्यानंतर सुरू होत असेल तर कुठेतरी प्ले आहे. मग त्यांनी चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. प्ले होताच. मला ब्रेक दाबायला लावला. तरीही हललं, म्हणजे व्हील बेअरिंग नाही, किंगपिनचं बेअरिंग गेलेलं! डँपरने फक्त लक्षण दबलं होतं.

गॅरेजवाल्याला हसण्याचा हक्क मात्र आपल्याला नाही. आपणही जर्नलमध्ये आधी उत्तर लिहितो, मग त्याला रीडिंग्ज बसवतो (त्यात मीही आलो). माझं स्पष्ट मत आहे, प्रॅक्टिकलला एक तरी रीडिंग स्वतः घ्या. सरांनीही उतरवलेलं जर्नल सही न करता परत द्यावं.

त्या जीपमधून काकू आणि लहान भावंडं घाट उतरतात. तिथे एटीकेटी नसते.