भुलभुलैया आणि समान संधी

अनेक खेळाडूंनी एकाच वेळी खेळावयाच्या संगणकीय खेळांत प्रत्येक सामन्यासाठी नवा भुलभुलैया रचला जातो, आणि तो यदृच्छेने रचला गेला असल्यामुळे कोणाही खेळाडूच्या तक्रारीस जागा उरत नाही, अशी रचनाकारांत जी समजूत दिसते, ती मला मुळातच चुकीची वाटते.

या रचनेमागील गणित मोठे सुंदर आहे. चौरस घरांच्या पटावर कोणत्याही दोन घरांमध्ये एक आणि एकच वाट असावी, एवढीच अट घातली, तर ३ बाय ३ च्या चिमुकल्या पटावर १९२ आणि ४ बाय ४ च्या पटावर १,००,३५२ निरनिराळे भुलभुलैये संभवतात. यांतील प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखीच संधी देणारी रीत ब्रोडर (१९८९) आणि आल्डस (१९९०) यांनी स्वतंत्रपणे दिली. पुढे १९९६ साली डेव्हिड विल्सन यांनी, अद्याप न जोडलेल्या घरातून स्वैर भटकत निघावे, आपल्याच वाटेला छेद गेला की तेवढे वेटोळे पुसून टाकावे, आणि आधी सिद्ध झालेल्या भागाला येऊन मिळताच उरलेली वाट कायम करावी, अशी अधिक वेगवान युक्ती शोधून काढली.

परंतु ही समता भुलभुलैयांच्या वाट्याला येते. खेळाडूंच्या वाट्याला ती येईलच, याची हमी या गणितात कोठेही नाही. जिंकण्यासाठी गाठायचा खजिना एका खेळाडूपासून चार पावलांवर आणि दुसऱ्यापासून बंद गल्ल्यांच्या जंजाळापलीकडे, अशी रचनाही तितक्याच हक्काने निवडली जाते. शेकडो सामन्यांच्या सरासरीत हे उणेअधिक फिटते खरे, पण अंतिम सामना एकच असतो.

यावर उपाय म्हणून पटाच्या एका अर्ध्या भागात दुसऱ्याची अर्ध्या फेऱ्याने फिरवलेली नक्कल करावी, तर ज्याने आपला भाग पाहिला त्याला प्रतिपक्षाचाही कळतो, आणि गूढ निम्मे होते. दोन खेळाडूंमधील एकमेव वाटेच्या बरोबर मध्यावर खजिना ठेवावा, तर अंतर समान होते, फाटे समान होत नाहीत. शिवाय एकच वाट असल्यामुळे ती अडवून बसण्याची मुभा राहते, म्हणून आणखी काही भिंती पाडाव्या लागतात, आणि त्या पडताच मध्याची ती हमीही रद्द होते.

तेव्हा माझी तजवीज अशी की, रचना यदृच्छेने पुष्कळ कराव्यात, प्रत्येकीत प्रत्येक आरंभस्थानापासूनचे लघुतम अंतर, वाटेवरील फाटे आणि बंद गल्ल्यांची खोली मोजावी, ठरलेल्या मर्यादेबाहेरच्या रचना निष्ठुरपणे बाद कराव्यात, आणि उरलेल्यांतूनच चिठ्ठी उचलावी. यदृच्छेला असा लगाम घालण्याचा दस्तूर जुनाच आहे: ‘बॉम्बरमॅन’ या संगणकीय खेळात विटा कोठेही पडोत, खेळाडूंच्या आरंभाचे कोपरे मोकळे राखलेले असतात, कारण तसे न केल्यास पहिलाच बॉम्ब लावणाऱ्याला आडोसाच मिळणार नाही.

या मर्यादा खेळाडूंना आधी कळवाव्यात, आणि ज्या बीजांकावरून, म्हणजे यदृच्छेच्या गणनेला आरंभी दिलेल्या ज्या संख्येवरून, रचना झाली तो सामन्यानंतर जाहीर करावा, म्हणजे हरलेल्याला तोच भुलभुलैया पुन्हा उभा करून अंतरे स्वतः मोजून पाहता येतील.