पद्मिनीचा क्लच

धारूरचा घाट चढतांना आमची जुनी प्रीमियर पद्मिनी गर्जना पुष्कळ करी, परंतु पुढें सरकेना. त्यांत करपल्याचा वास. ‘क्लचप्लेट गेली,’ पुतण्या म्हणाला. मुंबईंत कुर्ल्यास बनलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्यें तेथील टॅक्सींतूनही, आमच्याप्रमाणेंच, निवृत्त झाली. सुटे भाग खटपटीनें मिळाले, आणि काम घरींच करावयाचें ठरलें.

एक हट्ट मात्र आम्हीं धरला. नुसत्या जॅकच्या भरंवशावर त्यास गाडीखालीं शिरूं दिलें नाहीं. जमिनीवरच्या चाकांस दगड लावून गाडी भक्कम स्टँडांवर टेकविली, तेव्हांच परवानगी दिली. बॅटरीची तार व प्रोपेलर शाफ्ट सोडवून दोघांनीं गिअरबॉक्स उतरविला. प्लेटचें अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजलेलें! आंतली धूळ त्यानें फुंकली नाहीं, ओल्या फडक्यानें पुसली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो. नवी प्लेट दांड्यानें नेमकी मध्यावर धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आंवळले. मध्य चुकला तर गिअरबॉक्स बसतच नाहीं. रिलीज बेअरिंगही बदललें. एवढ्यासाठीं पुन्हां सर्व कोण उतरविणार?

‘काका, तुमचा पाय सदैव पेडलवर असतो काय?’ त्यानें हळूच विचारलें. जन्मभर मुलांस प्रश्न विचारलेल्या आम्हांस उत्तर सुचेना. पेडलास थोडी मोकळी चाल ठेवून त्यानें किल्ली आमच्या हातीं दिली. सायंकाळीं धारूरचा घाट गाडी निमूट चढली. पुतण्या शेजारीं बसून आमच्या डाव्या पायाकडेच पाहात होता.