तरुणांसाठी : हरणाऱ्या नवशिक्याने काय करावे?

तरुण मित्रांनो, ‘एज ऑफ एम्पायर्स दोन’ हा संगणकावरचा लढाईचा खेळ तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. 1999 साली तो निघाला, 2019 मध्ये नव्या रूपात आला. गाव वसवायचे, शेती करायची, फौज उभारायची आणि समोरच्याला हरवायचे. बुद्धिबळासारखी पाळी येथे नाही; दोघांचेही काम एकाच वेळी चालते.

नवशिका संगणकाला हरवतो आणि त्याला हुरूप येतो. मग माणसाशी गाठ पडते आणि थोड्याच वेळात सारे गाव उद्ध्वस्त होते. असे दहादा झाले की “आपल्याला हे जमायचे नाही” असे म्हणून तो उठतो. पण बहुतेक वेळा तो लढाईत हरलेला नसतो. पेरणीच चुकलेली असते!

हिशेब पाहा. आरंभी बहुधा तीन गावकरी मिळतात. पुढचा प्रत्येक गावकरी 50 अन्न घेतो आणि खेळातल्या घड्याळाप्रमाणे 25 सेकंदांत तयार होतो. म्हणजे दहा मिनिटांत 24 गावकरी वाढायला हवेत. तुम्ही मेंढ्या शोधण्यात गुंग राहिलात आणि मुख्य इमारत 100 सेकंद रिकामी राहिली, तर चार गडी कमी झाले. गडी कमी म्हणजे अन्न, लाकूड, सोने सारेच कमी. मग फौज येणार कोठून?

म्हणून पहिला धडा एवढाच : मुख्य इमारत रिकामी ठेवू नका. दुसरा धडा घरांचा. एका घराला 25 लाकूड लागते आणि त्यात पाच माणसे मावतात. जागा संपली की नवा गडी येत नाही, म्हणून दोन जागा उरल्या असतानाच पुढचे घर बांधायला घ्या. तिसरा धडा, साठवण नको. कोठारात हजार लाकूड पडून राहिले तर त्याचा उपयोग काय? ते शेतीत, घरात, फौजेत गुंतवा. माउसने शोधत बसण्यापेक्षा कळफलकावरच्या दोन-चार कळा पाठ करा. हात आपोआप चालू लागतो.

फौजेचेही साधे गणित आहे. घोडेस्वारांपुढे भालेकरी उभे करा. भालेकऱ्यांवर तिरंदाज सोडा. समोरच्याकडे काय आहे हे पाहण्यासाठी आरंभी मिळालेला टेहळणीचा स्वार फिरता ठेवा.

हरल्यावर लगेच दुसरा डाव मांडू नका. झालेल्या डावाची नोंद खेळात साठवलेली असते. ती उघडा आणि पहिली दहा मिनिटे पाहा. मुख्य इमारत कितीदा थांबली, गडी कोठे रिकामे उभे राहिले, ते कागदावर लिहा. पुढच्या डावात त्यातली एकच चूक सुधारायची. सगळ्या चुका एकदम सुधारू गेलात तर एकही सुधारणार नाही.

काही डाव हरलात की गुणांक खाली येतो आणि तुमच्या बरोबरीचे गडी समोर येऊ लागतात. तोवर धीर धरा.

आणि आईबापांनो, पोरगा हरून उठला तर हसू नका. “आज कोणती चूक सापडली?” एवढे विचारा. रात्री दोन डाव आणि एक उजळणी, एवढीच मर्यादा घालून द्या. सकाळी धारा काढायच्या आहेतच!