नदीचा उन्हाळा जानेवारीतच मोजा

गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही कुरखेड्याजवळून वाहणारी सती नदी वैशाखात क्षीण होते. या विसंगतीचे उत्तर आपण आकाशात शोधतो. वस्तुतः ते भूमीच्या उदरात आहे.

पावसाळा सरल्यावर नदीत वाहते ते मुख्यतः जमिनीत मुरलेल्या पाण्याचे पाझर. कुरखेड्याच्या परिसरात प्रामुख्याने कठीण स्फटिकी खडक आहे. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात आणि भेगांत. ही साठवण उथळ, म्हणूनच लवकर रिती होणारी.

या रिते होण्यालाही नियम आहे. फ्रान्समध्ये बूसिनेस्क यांनी १८७७ साली आणि माये यांनी १९०५ साली त्याचे गणित मांडले. कोरड्या दिवसांत पाझर साधारणतः ठरावीक प्रमाणात घटत जातो. समजा, १ जानेवारीला नदीत सेकंदाला ४०० लिटर पाणी आहे आणि दर महिन्याला ते निम्मे होते. तर १ मे रोजी उरेल केवळ २५ लिटर. जानेवारीत नगण्य वाटणारे मोजके पंप मे महिन्यात अख्खी नदी पिऊन टाकू शकतात! शिवाय काठच्या विहिरींतून माघात उपसलेले पाणी बहुधा नदीच्याच वैशाखातील वाट्याचे असते.

वैनगंगेवर आष्टी येथे केंद्रीय जल आयोगाचे मापन केंद्र आहे. परंतु महानदीच्या आकड्यावरून लहान नदीचे दुखणे कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नोंदवते. त्या नोंदींना नदीच्या प्रवाहाची जोड गावोगाव मिळाली पाहिजे. त्यासाठी लागतात एक मोजपट्टी, एक वही आणि नियमितपणा.

दुबार पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्याला पेरणीपूर्वीच हिशेब मिळायला हवा. आपल्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव पाणी अडवून मुरवणाऱ्या दूरदृष्टीची साक्ष देतात. त्यांचा गाळ काढणे आवश्यक आहेच. पण साठवण वाढवून मोजमाप टाळणे म्हणजे जमा न पाहता खर्च करणे होय. ग्रामसभेने जानेवारीतच विहीर आणि नदी मोजून, माणसांचा व गुराढोरांचा वैशाखातील वाटा प्रथम राखावा आणि उरलेल्या पाण्यावर उन्हाळी पेरा ठरवावा. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाचे हे किमान कर्तव्य आहे.