कॅज्युअल्टीतली गर्दी नेमकी कोणामुळे?

"आम्ही आधी आलो, मग त्यांना आधी का घेतलं?" मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. उत्तर सोपं आहे. तिथे नंबर आल्या वेळेनुसार नसतो, धोक्यानुसार असतो. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी 10 मिनिटांत निघायला हवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. त्यामुळे पाय मुरगळलेला तरुण दोन तास बाकावर बसला, तर तो अन्याय नव्हे. तो थांबू शकतो, हे कोणीतरी बघून ठरवलेलं असतं. (निदान तसं असायला हवं.)

पण गर्दीचा विषय निघाला की डॉक्टरसुद्धा एकच बोट दाखवतात: "सर्दी-खोकल्याचे लोक येऊन बसतात." मला हे फारसं पटत नाही. सर्दीचा रुग्ण पाच मिनिटांत गोळ्या घेऊन घरी जातो, खाट अडवत नाही. खाट अडते ती भरती करायचं ठरलंय, पण वर वॉर्डात जागा नाही, अशा रुग्णामुळे. तो तासन्‌तास ट्रॉलीवरच पडून राहतो. त्याचं सलाईन, ऑक्सिजन, त्याच्याकडे बघणारी सिस्टर, सगळं तिथेच अडकतं आणि मागून आलेली अॅम्ब्युलन्स दारात खोळंबते. मोरी तुंबलेली असताना नुसता नळ बंद करून काय होणार?

वॉर्डातली खाट का मोकळी होत नाही? राउंडला डॉक्टर सकाळी "आज घरी जा" म्हणतात आणि रुग्ण निघतो संध्याकाळी. मधला वेळ बिल, शेवटचा रिपोर्ट, राहिलेली सही आणि विम्याची मंजुरी यांत जातो. कॅशलेस डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत द्यावी, असं विमा नियामकाने 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. नातेवाइकांनी हे जरूर विचारावं. ज्यांना उद्या सोडायचं आहे, त्यांचे कागद आदल्या संध्याकाळीच तयार ठेवायला नवीन इमारत लागत नाही. पैसेही लागत नाहीत.

संध्याकाळचा प्रश्न वेगळा. सरकारी ओपीडी बहुतेक ठिकाणी दुपारी आटोपते. रोजंदारीवरचा माणूस काम संपवून येतो, तेव्हा त्याच्यासाठी कॅज्युअल्टीचंच दार उघडं असतं. त्याला रागावून उपयोग नाही. मुंबईत 2022 मध्ये सुरू झालेले 'आपला दवाखाना' संध्याकाळीही चालतात, ही कल्पना योग्यच आहे. फक्त तिथे डॉक्टर आणि औषधं रोज मिळायला हवीत. दोनदा हात हलवत परतलेला माणूस तिसऱ्यांदा जात नाही.

आता पावसाळ्यातली गर्दी, म्हणजे डेंग्यू. इथे मात्र आपण आणि आम्ही, दोघंही भर घालतो. प्लेटलेट 90,000 आल्या की रिपोर्ट हातात घेऊन अख्खं कुटुंब रात्री अकराला भरती व्हायला येतं. कधी फॅमिली डॉक्टरच घाबरून चिठ्ठी देतात. खरं तर रक्तस्राव नसेल, तर प्लेटलेट साधारण 10,000 च्या खाली जाईपर्यंत सहसा चढवाव्या लागत नाहीत. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, सुस्ती किंवा बेचैनी यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर मध्यरात्र असली तरी निघा. गंमत अशी, की धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो, आणि नेमकं तेव्हाच घरचे "आता बरं वाटतंय" म्हणून निर्धास्त होतात. यांतलं काही नसेल आणि रुग्ण खात-पीत असेल, तर भरपूर पातळ पदार्थ, तापाला पॅरासिटामॉल आणि डॉक्टर सांगतील तशी रक्ततपासणी एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अॅस्पिरिन घेऊ नका.

रुग्णासोबत एकच माणूस आत यावा, आणि तो चालू गोळ्यांची पिशवी, जुनी फाइल घेऊन आलेला असावा. दुसऱ्या रुग्णालयात रेफर केलं असेल, तर तिथे खाट आहे का, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांनाच फोन करून विचारायला सांगा. पण छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, दम लागणं, मोठा अपघात अशा वेळी ही चौकशी करत बसू नका. 108 ला फोन लावा.