दोन हजार वर्षांची बढाई

डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये भरतनाट्यमचे अरंगेत्रम, म्हणजे शिष्येचा पहिला जाहीर प्रयोग, असले की निवेदनात एक वाक्य बहुधा येतेच: भरतमुनींपासून दोन हजार वर्षे अखंड चालत आलेली ही नृत्यपरंपरा. लोकनृत्ये म्हणजे तिच्याच अडाणी लेकी, असेही सुचवले जाते. पालक सुखावतात. भरलेल्या फीला पावित्र्य येते ना!

पूर्वपक्षात तथ्य आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात 108 करणे, म्हणजे नृत्याच्या मूळ हालचाली, सांगितली आहेत आणि चिदंबरमच्या गोपुरांवर ती कोरलेलीही आहेत. पण पोथी टिकली, दगड टिकला, म्हणून नाच जसाच्या तसा टिकला असे होत नाही. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा जो क्रम कल्याणची मुलगी आज घोकते, तो नाट्यशास्त्रात शोधून सापडणार नाही. तो बसवला एकोणिसाव्या शतकात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी. चौघे तंजावर दरबारचे कलावंत, आणि त्या गादीवर होते सरफोजी दुसरे, म्हणजे भोसलेच. त्या दरबारात नाचण्यासाठी मराठीत निरूपणे रचली गेली. सरफोजींच्या नावावरची ‘देवेंद्र कुरवंजी’ तर मराठीतून चक्क जगाचा भूगोल सांगते. भोसल्यांचे किल्ले तोंडपाठ असणाऱ्या आपल्याला भोसल्यांचा नाच मात्र ठाऊक नाही.

नावही जुने नव्हे. सदिर किंवा दासीआट्टम म्हणून ओळखला जाणारा देवदासींचा हा नाच ‘भरतनाट्यम’ म्हणून रूढ झाला तो 1930च्या दशकात. रुक्मिणीदेवी अरुंडेल 1935 मध्ये अड्यारला नाचल्या, 1936 मध्ये त्यांची कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी राहिली. कथकचेही तेच: नवाब वाजिद अली शाहांचे लखनौ वगळून नुसती देवळातली कथा सांगितली, तर इतिहास अर्धाच राहतो.

यावर कोणी म्हणेल, देवदासींची चाल वाईटच होती, ती झाकली तर काय बिघडले? मुली देवाला वाहणे बंद व्हायलाच हवे होते. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये आणि मद्रासेत 1947 मध्ये तसे कायदे झाले, ते योग्यच. पण चाल मोडणे वेगळे आणि जिने नाच सांभाळला तिचे नाव पुसणे वेगळे. त्याच परंपरेतल्या बालसरस्वतींनी शृंगार हा या नृत्याचा प्राण आहे, अशी बाजू अखेरपर्यंत लावून धरली. आमच्या शिष्ट निवेदनांत त्यांना जागा नसते.

राहिल्या त्या ‘अडाणी लेकी’. येऊरच्या डोंगरात वारल्यांचे पाडे आहेत. वारल्यांच्या नाचात तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारा मधोमध असतो, सूर बदलला की भोवतीच्या साखळीची पावले बदलतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून हे रिंगण जगभर गेले. 2014 पर्यंत त्यांचे डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते. हा नाच नाट्यशास्त्रातून उतरला याला कसलाही पुरावा नाही. चेंदणी कोळीवाड्याच्या नाचालाही भरतमुनींची शिफारस लागत नाही.

भरतनाट्यम तरुण ठरले म्हणून उणे होत नाही. चार भावांची बुद्धी आणि दासींची मेहनत हे मोठेपण पुरेसे आहे. नृत्यशिक्षकांना एकच विनंती: पुढच्या अरंगेत्रममध्ये सरफोजींच्या दरबारातले एखादे मराठी निरूपण बसवा. डोंबिवलीच्या प्रेक्षकाला ते निवेदकाशिवाय कळेल.